ब्रुसेल्सची सौरडाग-वही: तीनशे वर्षांचा हिशेब तपासताना

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वह्या उघडायच्या, बेरजा पडताळायच्या, अक्षर कुठल्या तारखेला बदललं ते हेरायचं आणि त्या तारखेपासून हिशेबाची पद्धतही बदलली का ते शोधायचं. निवृत्त झाल्यावर ८० मिलिमीटरची साधी दुर्बीण घेतली, तिच्यामागे पांढरा कागद लावला आणि त्यावर पडणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेतले डाग मोजायला लागले. (दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये, डोळा कायमचा जातो. मी फक्त कागदाकडे पाहते.) याला आता सात वर्षं झाली. माझ्या वहीतला आकडा बरोबर की चूक हे ताडून पाहायला जी मोठी वही मी रोज उघडते, तिच्याबद्दल हे लिहिते आहे.

ही वही म्हणजे 'सिल्सो'. ब्रुसेल्समध्ये बेल्जियमची रॉयल वेधशाळा आहे, तिच्यातलं हे जागतिक डेटा केंद्र. आंतरराष्ट्रीय सौरडाग-संख्या १९८१ पासून तिथे ठरते. त्याआधी हे काम झुरिककडे होतं. सगळ्या फाइली कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांच्या परवान्यात दोन अटी आहेत, आकडे कुठून घेतले ते नमूद करायचं आणि त्यांचा धंदा करायचा नाही. मला दोन्ही रास्त वाटतात.

फाइली चार प्रकारच्या आहेत. वार्षिक सरासरी १७०० पासून, मासिक सरासरी १७४९ पासून, मासिक आकड्यांवरून काढलेली तेरा महिन्यांची सौम्य केलेली सरासरी, आणि दैनंदिन आकडे १८१८ पासून. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मासिक फाइल घ्यावी. तीन हजारांहून थोड्या जास्त ओळी आहेत, साध्या स्प्रेडशीटमध्ये सहज मावतात. सीएसव्ही फाइलमध्ये रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम नसून अर्धविराम आहे. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर सगळी ओळ एकाच चौकोनात येऊन बसते आणि माणूस पहिल्याच पायरीवर वैतागतो.

आता आकडा कसा बनतो ते. १८४८ मध्ये रुडॉल्फ वोल्फ या स्विस खगोलशास्त्रज्ञाने ही पद्धत घालून दिली. सूर्यावर डागांचे जितके गट दिसतील त्यांना दहाने गुणायचं, त्यात सुटे डाग मिळवायचे आणि आलेल्या बेरजेला त्या निरीक्षकाच्या गुणकाने गुणायचं. एका सकाळी मला पाच गट आणि तेवीस डाग दिसले, म्हणजे ७३. त्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय आकडा ८८ होता. म्हणजे माझा गुणक साधारण १.२. सूर्यावर एकच एकटा डाग असला तरी आकडा ११ येतो, कारण तो डाग हाच एक गट. पुष्कळांना हे विचित्र वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं. बारीक डाग हवेच्या थरथरीत हरवतात, गट मात्र लहान दुर्बिणीतूनही चुकत नाहीत. जी गोष्ट खात्रीने मोजता येते तिला वोल्फने जास्त वजन दिलं.

दैनंदिन फाइलमध्ये तारखेनंतर डागसंख्या येते, त्यापुढे प्रमाण विचलन (निरीक्षकांच्या मोजण्या एकमेकींपासून किती पसरल्या त्याचं माप), मग त्या दिवशी किती निरीक्षणं हाती आली तो आकडा, आणि शेवटी नोंद पक्की की हंगामी याची खूण. या सेवेचं मोल या शेवटच्या तीन रकान्यांत आहे असं माझं ठाम मत आहे. डागसंख्या कोणीही छापेल. 'आज अमुक इतक्या जणांनी पाहिलं, त्यांच्या मोजणीत इतका फरक पडला, आणि हा आकडा अजून बदलू शकतो' असं प्रत्येक ओळीत लिहून देणारी वही मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत फार थोड्या ठिकाणी पाहिली. प्रमाण विचलनाला निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की त्या दिवसाच्या सरासरीवर किती विसंबावं याचा अंदाज हातात येतो. जगभरातली काही वेधशाळेतली आणि पुष्कळशी हौशी माणसं मोजणी पाठवतात. तीन महिन्यांनी सगळं तपासून झालं की हंगामी आकडे पक्के होतात.

हेच रकाने मागे मागे वाचत गेलात तर इतिहास दिसू लागतो. १९८१ च्या आधीच्या दिवसांपुढे निरीक्षणांच्या रकान्यात सलग १ असा आकडा आहे, कारण तेव्हाची संख्या मुख्यतः एकट्या झुरिकच्या मोजणीवर उभी होती. १८४९ च्या आधी गेलात की मधूनमधून उणे एक दिसायला लागतो. तिथे उणे एकचा अर्थ 'नोंद नाही' एवढाच. १८१८ चा जानेवारी उघडून पाहा. सात तारखेपर्यंत सगळे उणे एक आहेत, आठ तारखेला ६५. त्या काळाची सरासरी काढताना हे उणे एक आधी वेगळे करा, नाहीतर बेरीज गुपचूप कमी भरते आणि कुठे चुकलं ते कळतही नाही. १८१८ च्या मागच्या मासिक आकड्यांना विचलनाचा रकानाही उणे एक आहे. म्हणजे त्या आकड्यांची चूक किती असू शकेल हे वही सांगत नाही. ही उणीव खरीच आहे, पण ती कोऱ्या जागेने मान्य केलेली आहे. अंदाजपंचे एखादा आकडा तिथे भरला असता तर मी या सेवेला एवढे गुण दिले नसते.

१७४९ हे वर्ष कुठून आलं याचं मला कुतूहल होतं. न्यूरेंबर्गच्या योहान कास्पर श्टाउडाखर नावाच्या हौशी माणसाने त्या वर्षी सूर्याची चित्रं काढायला सुरुवात केली आणि जवळजवळ पन्नास वर्षं काढत राहिला. वोल्फने ती चित्रं मिळवून त्यावरून जुने आकडे बांधले. आणि वोल्फला या कामाकडे ओढलं ते सॅम्युएल हाइनरिख श्वाबे या डेसाऊच्या औषधविक्रेत्याने. श्वाबे शोधत होता बुधाच्याही आत फिरणारा एखादा ग्रह. तो ग्रह डागांत हरवू नये म्हणून १८२६ पासून त्याने डागांची शिस्तीत नोंद ठेवली. ग्रह मिळाला नाही, पण सतरा वर्षांच्या नोंदींतून डाग सुमारे दहा वर्षांनी वाढतात-घटतात हे १८४३ मध्ये त्याच्या ध्यानात आलं. आपण ज्याला आज सौरचक्र म्हणतो त्याचा पाया असा एका दुकानदाराच्या चिकाटीवर आहे. रोज कागदावर वर्तुळ काढताना मला या दोघांची आठवण येते आणि हात जरा जास्त जपून चालतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी ही वही मानते ती सांगते. २०१५ च्या १ जुलैला सिल्सोने सगळी मालिका दुरुस्त करून दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. अडीचशे वर्षांच्या चालू खात्याची फेरतपासणी म्हणजे काय, हे त्या कामात मुरलेल्या माणसालाच कळेल. वोल्फनंतर आलेला आल्फ्रेड वोल्फर बारीक ठिपकेही मोजत असे, म्हणून त्याचा आकडा ०.६ ने गुणून वोल्फच्या मापात बसवला जाई, आणि ती प्रथा पुढे शतकभर चालली. त्यानंतर माक्स वाल्डमायर यांच्या काळात, १९४७ च्या सुमारास, झुरिकमध्ये मोठ्या डागाला एकापेक्षा जास्त वजन द्यायची पद्धत सगळ्या मोजणीत रुळली आणि आकडे जवळजवळ पाचव्या हिश्शाने फुगले. १९८१ नंतर संदर्भासाठी धरलेलं स्वित्झर्लंडमधलं लोकार्नोचं केंद्रही आपल्या मूळ मापापासून हळूहळू सरकत गेलं होतं. वहीवर देखरेख ठेवणाऱ्या फ्रेडेरिक क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून बैठका घेऊन हे दोष एकेक करून शोधले. ०.६ चा गुणक काढून वोल्फरचं माप पायाभूत धरलं. १९४७ ची उडी सपाट केली. लोकार्नोचं सरकणं इतर केंद्रांच्या मोजणीशी ताडून दुरुस्त केलं.

याने काय बदललं ते दोन आकड्यांत पाहा. जुन्या मालिकेत १७७८ च्या कमाल बिंदूचा आकडा १५८.५ होता आणि १९५८ चा २०१.३. म्हणजे विसाव्या शतकाचा सूर्य अठराव्या शतकापेक्षा सत्तावीस टक्के जोमदार. नव्या मालिकेत तेच आकडे २६४.३ आणि २८५.० आहेत. फरक आठ टक्क्यांवर आला. १८३७ चा २४४.९ आणि १८७० चा २३४.० त्यांच्या शेजारी ठेवले की दर शतकात एखाद-दोन उंच शिखरं येतातच असं चित्र दिसतं. गेल्या तीनशे वर्षांत सूर्य सतत वाढत्या जोमाने पेटत आला, ही समजूत त्या फुगलेल्या आकड्यांवर बरीचशी उभी होती. पृथ्वीच्या तापमानवाढीचा दोष सूर्यावर ढकलणारे हाच आलेख पुढे करत. खात्यातली एक चुकीची नोंद केवढ्या मोठ्या निष्कर्षापर्यंत जाऊन पोचते, हे मी आयुष्यभर लोकांना पटवून देत आले. इथे ते सूर्याच्या बाबतीत घडलं होतं, आणि ज्यांची वही त्यांनीच ते उघड केलं.

जुनी आवृत्ती त्यांनी पुसून टाकलेली नाही, तीही ठेवली आहे. हे उत्तम केलं, पण त्यातून एक धोका उभा राहतो आणि मी त्यात पडले. माझ्याकडे एका परिचितांनी दिलेली २०१४ पर्यंतची जुनी फाइल होती. तिच्या शेवटाला मी नव्या फाइलच्या पुढच्या ओळी जोडल्या आणि आलेख काढला. पंचविसावं, म्हणजे सध्याचं, सौरचक्र असं उसळलेलं दिसलं की मी दोन रात्री नीट झोपले नाही. निरीक्षक मैत्रिणीला आलेख पाठवूनही दिला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की अलीकडच्या वर्षांत नवे आकडे जुन्यांच्या सुमारे १.४ पट आहेत आणि १९४७ च्या आधी १.६७ पट. चूक सर्वस्वी माझी. वेगवेगळ्या मापांची दोन खाती एकत्र जोडायची नाहीत हे मला तरी माहीत असायला हवं होतं. २०१५ च्या आधी छापलेल्या कुठल्याही पुस्तकातला किंवा लेखातला आकडा घेताना तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा.

विश्लेषणाला ही मालिका कितपत पुरते? सौरचक्राचा ढोबळ स्वभाव समजायला भरपूर. पुस्तकात 'अकरा वर्षांचं चक्र' असं वाचून आलेल्या माणसाने स्वतः किमान बिंदूंच्या तारखा लिहून काढाव्या. दुसरं चक्र जून १७६६ ते जून १७७५, नेमकी नऊ वर्षं. चौथं सप्टेंबर १७८४ ते एप्रिल १७९८, साडेतेरा वर्षांहून जास्त. वारंवारतेचं विश्लेषण केलं तर अकरावर एकच टोकदार शिखर मिळत नाही, दहा ते अकराच्या दरम्यान जवळजवळची शिखरं येतात, आणि शंभर वर्षांच्या आसपास एक पसरट उंचवटा. सूर्य घड्याळाच्या काट्यावर चालत नाही, हे त्यातून दिसतं. तो शतकभराचा उंचवटा मात्र जपून वापरा. तीनशे वर्षांत असा उंचवटा जेमतेम तीन वेळा येतो. तीन हप्त्यांवरून कर्जदाराची सवय ठरवायची म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यांत आवडलेला खेळ म्हणजे चढणीचा काळ मोजायचा. जोमदार चक्र लवकर चढतं आणि अशक्त चक्र रेंगाळत चढतं, हे वाल्डमायर यांनी दाखवून दिलं. एकोणिसावं चक्र एप्रिल १९५४ ला सुरू होऊन मार्च १९५८ ला शिखरावर गेलं, चार वर्षंही पुरी झाली नाहीत आणि आकडा २८५.०. पाचवं चक्र एप्रिल १७९८ ते फेब्रुवारी १८०५ असं जवळपास सात वर्षं चढत राहिलं आणि जेमतेम ८२.० ला पोचलं. डाल्टन किमान म्हणून ओळखला जाणारा अशक्त काळ तो हाच. चौदाव्या चक्राने मात्र मला अडवलं. जानेवारी १९०२ ते फेब्रुवारी १९०६, चार वर्षं एक महिना, आणि आकडा फक्त १०७.१. चढण चपळ, उंची बेताची. म्हणजे नियम सैल आहे. तो भाकितासाठी वापरताना हात आखडता ठेवावा.

भाकितांचंच निघालं म्हणून सांगते. पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. त्याच महिन्यात अमेरिकेतली अंतराळसंस्था नासा आणि हवामान-महासागर संस्था नोआ यांच्या तज्ज्ञमंडळाने शिखराचा आकडा ११५ आणि महिना जुलै २०२५ सांगितला होता. सिल्सोच्या सौम्य मालिकेत शिखर आलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, १६०.९ वर. चोविसाव्या चक्राच्या ११६.४ पेक्षा बरंच वर, पण सगळ्या चक्रांच्या शिखरांची सरासरी सुमारे १७९ आहे, तिच्या खालीच. माझ्या वहीतली २०२४ च्या ऑगस्टची पानं आजही काढून पाहते. एका कागदावर इतके गट की क्रमांक लिहायला जागा पुरेना. आणि २०१९ ची पानं? वर्षातल्या दोन-तृतीयांशाहून जास्त दिवस सूर्य कोरा होता. पहिल्या वर्षी मी बहुतेक रिकामी वर्तुळंच काढली. कंटाळून सोडलं नाही, याचं आज समाधान आहे.

शिखर नेमकं केव्हा आलं हे कळायला थांबावं लागतं, तेवढी तयारी ठेवा. तेरा महिन्यांच्या सरासरीत मधल्या महिन्याच्या अलीकडे सहा आणि पलीकडे सहा महिने लागतात आणि दोन्ही टोकांच्या महिन्यांना अर्धं वजन असतं. म्हणून त्या फाइलचे शेवटचे सहा महिने कायम उणे एक दिसतात. बातम्यांतून 'कालच शिखर गाठलं' असं कोणी म्हणालं तर ही फाइल उघडा.

ही वही कुठे अपुरी पडते तेही सांगायला हवं. १६४५ ते १७१५ या माउंडर किमान काळात सूर्यावर डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते, त्याची या मालिकेत फक्त शेपटी सापडते. त्यासाठी हॉइट आणि शाटन या संशोधकांनी १९९८ मध्ये बांधलेल्या गटसंख्येकडे (तिच्यात फक्त डागांचे गट मोजतात) जावं लागतं, ती १६१० पर्यंत मागे जाते आणि तिच्यावरही पुढे बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आहेत. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांचे वेगळे आकडे मूळ मालिकेत १९९२ पासूनच आहेत. आणि डाग सूर्यावर कुठे होते हे इथे कळतच नाही. चक्राच्या सुरुवातीला विषुववृत्तापासून दूर उगवणारे डाग पुढे त्याच्याकडे सरकत येतात, ती फुलपाखरासारखी आकृती काढायची तर ग्रिनिचच्या १८७४ पासूनच्या नोंदी किंवा कोडाईकनालच्या १९०४ पासूनच्या छायाचित्रांचा संग्रह हवा. वोल्फची संख्या म्हणजे एका दिवसाचा एक आकडा. त्यात डागाचं आकारमान नाही, चुंबकीय ध्रुव नाही. बावीस वर्षांनी ध्रुव मूळ जागी येतात हे या वहीतून कधीच उमगणार नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो १८१८ आधीच्या आकड्यांत चूक किती असू शकेल हे अजून कळत नाही म्हणून.

एक खाजगी गोष्ट राहिली. गेल्या दोन वर्षांत मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवी फाइल उतरवून माझा गुणक काढत होते. १.२ वरून तो १.२५ झाला, मग १.३, मग १.४. मला वाटलं दुर्बिणीची भिंग मळली. ती पुसली, कागद बदलला, काही फरक पडला नाही. मग डोळे तपासून घेतले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. बारीक ठिपके मला दिसतच नव्हते, आणि ते मला डोळ्याने न कळता ब्रुसेल्सच्या रकान्याने कळलं. शस्त्रक्रिया झाल्यावर पहिल्याच महिन्यात गुणक १.१ वर उतरला. लोकार्नोचं सरकणं वाचताना जे कोरडं वाटलं होतं, ते तेव्हा माझ्याच वहीत घडलेलं पाहिलं.

निरीक्षकांच्या जाळ्यात यायचं मनात आहे. पण गुणक आधी वर्षभर एका जागी स्थिर राहू दे. सात महिने झाले आहेत. आज सकाळी तीन गट, अकरा डाग, हवा बऱ्यापैकी शांत.